हळदीचं पाणी

देवाकडे पाणी मागायची वेळ माझ्यावर येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. आजवर मी आरोग्य मागितलं, मुलीचं शिक्षण नीट पार पडू दे म्हणून मागितलं, ह्यांच्या कंपनीत माणसं कमी करत होते तेव्हा नोकरी टिकू दे म्हणूनही मागितलं. पण पाणी ही काय मागायची गोष्ट आहे? नळाला येतं, आज नाही आलं तर उद्या येतं. नवीन पनवेलमध्ये इतकी वर्षं काढल्यावर उन्हाळ्यातली कपात अंगवळणी पडलेली असते. पिंप भरून ठेवायचं, कपडे दोन दिवसांनी धुवायचे, भाजी धुतलेलं पाणी कुंड्यांना घालायचं, झालं. त्या मे महिन्यात मात्र हे इतकं सोपं राहिलं नाही, आणि माझी श्रद्धाही काही तासांसाठी का होईना, डळमळली.

ह्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्याला आता काही वर्षं झाली. एक दिवसाआड डायलिसिस. घरापासून रिक्षाने जवळच एक छोटं सेंटर आहे, तिथे आम्ही जातो. ज्यांच्या घरात हे दुखणं नाही त्यांना सहसा एक गोष्ट माहीत नसते. डायलिसिस म्हणजे रक्त धुणं, आणि धुवायला पाणी लागतं. एका माणसाच्या एका वेळेला काही बादल्या नव्हे, पिंपंच्या पिंपं. ते पाणी आधी गाळून गाळून शुद्ध करावं लागतं आणि त्या गाळण्यातही बरंचसं वाया जातं. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याला मात्र दिवसभरात मोजून घोट-दोन घोट. ह्यांचं दिवसाचं पाणी मी सकाळी एका छोट्या बाटलीत भरून देते. ते बाटली टीव्हीच्या बाजूला ठेवतात आणि एखाद्या कंजूस सावकारासारखे तिच्याकडे बघत बसतात. असं तेच म्हणतात, मी नाही.

तर त्या मे महिन्यात आधीच कपात चालू होती आणि त्यात मोठी जलवाहिनी फुटली. दुरुस्तीला वेळ लागणार असं सांगण्यात आलं. सेंटरमध्ये पाणी पुरवून वापरायचं म्हणून आदल्या खेपेला सगळ्यांचंच डायलिसिस अर्ध्यावर थांबवलं होतं. त्याचा परिणाम दिसायला वेळ लागला नाही. ह्यांचे पाय सुजले, चेहरा फुगला. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून उशा रचून बसवायला लागायचं. सकाळी मी पूजेला बसले. आमच्या देवघरात दत्तगुरूंच्या पितळी पादुका आहेत, त्यांना मी रोज स्नान घालते. त्या दिवशी तांब्यात पळीभरच पाणी होतं. ते घालताना मनात आलं, ज्याची मी रोज सेवा करते त्याला माझ्या घरचं हे दिसत नाही का? अशा विचारात नैवेद्याची साखर ठेवली आणि उठले. नमस्कार केला की नाही, आठवत नाही.

सेंटरमध्ये पोचलो तर सगळे पेशंट बाहेरच्या बाकांवर बसलेले. शीतल नावाची तिथली टेक्निशियन मुलगी फोनवर फोन करत होती.

"काकू, टँकर सांगितलाय, पण येतच नाहीये," ती म्हणाली. "सगळ्या सोसायट्यांनी आधीच बुक करून ठेवलेत. टाकीत एका पेशंटपुरतंही पाणी नाही."

"दुसऱ्या सेंटरला नेलं तर?"

"विचारलं मी. जवळची सगळी याच लाइनवर आहेत. डॉक्टर म्हणाले, दुपारपर्यंत बघू, नाहीतर मोठ्या हॉस्पिटलला हलवू. पण तिथेही आपले नंबर कधी लागतील, सांगता येत नाही."

मी ह्यांच्याकडे बघितलं. वाक्य बोलताना ते मध्ये थांबत होते. शेजारच्या बाकावर एक कॉलेजातली मुलगी आईच्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती, तिचीही तीच गत. मला बसवेना.

"शीतल, मी टँकर बघून येते," मी म्हटलं.

"काकू, तुम्ही? कुठे बघणार?"

"जिथे भरतात तिथे. इथे बसून काय करू?"

हे एवढंच म्हणाले, "छत्री ने. ऊन आहे."

रिक्षावाल्याला म्हटलं, टँकर भरतात त्या विहिरीवर घे. तो आधी पळस्प्याच्या बाजूला घेऊन गेला. तिथे वीज गेलेली, पंप बंद, टँकर रिकामेच उभे. तिथला माणूस म्हणाला की लाइट कधी येईल नेम नाही. मग रिक्षावालाच म्हणाला, "नेऱ्याच्या रोडला एक विहीर आहे काकू, तिथे जाऊन बघू." रिक्षा वळली आणि मी नामस्मरण करायला लागले, पण नाम काही तोंडात येईना. मग जप सोडला आणि मनात साध्या शब्दांत म्हटलं, दत्तगुरू, मला आता काही सुचत नाही. मी जाते आहे, पुढचं तुम्ही बघा. तेवढं म्हटल्यावर छातीवरचं ओझं थोडं हलकं झालं. कुणाला हे खोटं वाटेल, पण त्या क्षणापासून मला भीती वाटली नाही. पाणी मिळेल असं काही वाटलं नव्हतं. फक्त भीती गेली.

नेऱ्याच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी ती विहीर होती. पंप धडधडत होता आणि टँकरची रांग लागलेली. पहिल्या ड्रायव्हरला विचारलं, तो म्हणाला सोसायटीचा आहे. दुसरा म्हणाला, हॉटेलचा आहे, बाई, मला मारतील. तिसरा टँकर नुकताच भरून बाजूला लागत होता. ड्रायव्हरशी मी बोलायला लागले, तसा पलीकडून एक गृहस्थ पुढे आले. पन्नाशीचे असतील. अंगात पांढरा सदरा, आणि सदऱ्याच्या बाहीवर हळदीची बोटं उमटलेली.

"काय झालं ताई?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. ते नीट ऐकून घेत होते.

"पानी नाय तर मशीन चालनारच नाय?"

"नाही."

"आनि मशीन नाय चालली तर?"

"अंगात पाणी साचतं, दादा. श्वास कोंडतो."

त्यांनी टँकरकडे बोट दाखवलं. "माझ्या पोरीची हलद हाय आज," ते म्हणाले. "सगला गाव जेवायला. त्याचाच टँकर हाय ह्यो."

आगरी गावातली हळद म्हणजे काय असते हे पनवेलच्या माणसाला सांगायला नको. लग्नापेक्षा हळदीला माणूस जास्त. मी लगेच म्हटलं, "मग राहू द्या दादा. लेकीचं कार्य आहे." आणि मी रांगेतल्या पुढच्या टँकरकडे वळले.

"थांबा जरा," ते म्हणाले आणि त्यांनी फोन लावला. पंपाच्या आवाजात ऐकू येईना म्हणून स्पीकर चालू केला, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं. पलीकडे त्यांची बायको होती, मागे मांडवातली गडबड.

"अगं, हितं एक ताई आल्यात. त्यांचं मालक आजारी हायेत. दवाखान्यात पानी नाय, मशीन बंद हाय."

"मंग?"

"आपला टँकर देऊ का?"

थोडा वेळ नुसती मांडवातली गडबड ऐकू आली. मग ती म्हणाली, "द्या ना. इचारताय काय?"

"आनि घरचं?"

"घरचं मी बघते. तुमी त्यांच्यासंगं जा. वाटेत कोनतरी अडवील टँकर."

तिला मी तोवर पाहिलंही नव्हतं. कशी दिसते, किती वर्षांची, काही माहीत नव्हतं. पण तो आवाज मी आजही गर्दीत ओळखीन.

त्या गृहस्थांचं नाव हासूराम. ते ड्रायव्हरच्या शेजारी बसले, मी मागून रिक्षात. आणि त्यांच्या बायकोने म्हटलं तसंच झालं. आमच्या सेक्टरच्या कोपऱ्यावर एका सोसायटीच्या लोकांनी टँकर अडवला. त्यांचंही चुकत नव्हतं, त्यांच्या नळाला दोन-तीन दिवस थेंब नव्हता, हातात रिकाम्या कळश्या घेऊन माणसं रस्त्यावर उतरलेली. हासूरामदादा खाली उतरले. आवाज न चढवता म्हणाले, "डायलिसिसचे पेशंट हायेत. खोटं वाटत आसंल तर चला संगं." एक तरुण मोटरसायकलवर पुढे निघाला, तो आमच्यासोबत सेंटरपर्यंत आला आणि पाइप टाकीत सोडायलाही त्यानेच हात लावला.

शीतलने पाणी तपासलं, होकारार्थी मान हलवली, आणि थोड्या वेळाने आतून पाणी शुद्ध करायच्या यंत्राचा घरघर आवाज सुरू झाला. रोज कटकट वाटणारा तो आवाज बाकांवरची माणसं मान वर करून ऐकत होती. आधी ती कॉलेजातली मुलगी आणि हे, दोघांना आत घेतलं. टँकरचा हिशोब सेंटरने मागाहून टँकरवाल्याशी बघून घेतला. मी विषय काढला तेव्हा हासूरामदादांनी तो हाताने बाजूला सारला होता.

निघण्यापूर्वी त्यांना मशीन बघायचं होतं. चपला बाहेर काढून ते दारापर्यंत आले आणि आत बघून त्यांनी हात जोडले.

"येवढं पानी पितं ह्ये?" त्यांनी विचारलं.

ह्यांचा श्वास एव्हाना जरा बरा झाला होता. पलंगावरून म्हणाले, "माझ्या वाट्याचं तेच पितं, दादा. मला काही उरत नाही." दोघंही हसले. मी कोपऱ्यात तोंड फिरवून उभी राहिले.

"तुमच्याकडे आता कसं करणार?" मी त्यांना बाहेर विचारलं.

"ती बोल्ली ना, बघते. मंग बघल ती," ते म्हणाले, जणू यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. "संध्याकाली या हलदीला. विहिरीच्या पल्याडच्या गावात, शेवटच्या घराला मांडव हाय."

मला तिथे जायचा संकोच वाटत होता. ज्या घरचं पाणी आपण आणलं, त्या घरी जेवायला कसं जायचं? पण घरी आल्यावर हेच म्हणाले, "तू जा. माझ्या वतीने जा." शेजारणीला त्यांच्यापाशी बसवलं आणि नवं खणाचं कापड घेऊन मी संध्याकाळी गेले.

मांडवाच्या दाराशी पोचले आणि पाय थबकले. दारापासून आतपर्यंत हंडे, कळश्या, पिंपं, प्लॅस्टिकचे डबे, दुधाच्या किटल्यासुद्धा ओळीने मांडलेल्या. सगळ्या भरलेल्या. एक बाई पदर खोचून पुढे आली, आणि आवाजावरून मी ओळखलं. वनिता तिचं नाव.

"कसं जमवलंत?" मी विचारलं.

"जमवायचं काय? घरोघर सांगून आले. ज्याच्या घरात जेवढं साठवून ठेवलेलं व्हतं, त्यातलं त्यानं आनलं. कोन नाय बोल्लाच नाय." मग म्हणाली, "टँकर आला आसता तर ह्ये झालं नसतं."

मांडवात धवले, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, म्हणणारी म्हातारी धवलारीण गात होती. तिचे सगळे शब्द मला कळले नाहीत. पाटावर नवरी बसलेली, नखशिखांत पिवळी. तिला त्याच पाण्याने न्हाऊ घातलं होतं, अख्ख्या गावाच्या घराघरातून आलेल्या. वनिताने हळदीची वाटी माझ्या हातात दिली. मी खाली वाकून पोरीच्या गालाला हळद लावली, तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "काकांना बरं हाय का आता?"

दिवसभर मी रडले नव्हते. तेव्हा रडले.

ही हकिकत ऐकून मला पुष्कळ जण म्हणाले, ते दत्तगुरूच होते हो, तुम्हाला ओळखता आले नाहीत. मी मान डोलावते, पण माझं मन तसं म्हणत नाही. ते हासूराम होते. त्यांना घर होतं, लेकीचं लग्न होतं, डोक्यावर हजार कामं होती. देव असते तर त्यांना पाणी द्यायला काय अवघड होतं? माणूस असून दिलं, म्हणून मी नमस्कार करते. माझे दत्तगुरू मला दिसले असतील तर ते फोनवरच्या त्या थोड्याशा शांततेत. "मंग?" आणि "द्या ना" यांच्या मधे. तिथे काय झालं ते वनितालाही सांगता येणार नाही. पळस्प्याला वीज असती तर मी तिथूनच टँकर मिळवायला झगडत बसले असते आणि या माणसांपर्यंत पोचलेच नसते, हेही मी विसरत नाही.

शरण जाणं म्हणजे हात जोडून देवघरात बसणं, असं मी समजत होते. आता मला वाटतं, आपण उठायचं, उन्हात जायचं, जिथे विचारायचं तिथे विचारायचं, आणि मिळणं मात्र त्याच्यावर सोडायचं. नाही म्हणणाऱ्याचा राग धरायचा नाही, कारण त्याच्याही घरी कळशी रिकामी असते. एवढं केलं की भीती राहत नाही. त्यानंतर सेंटरमधल्या पेशंटांच्या घरच्या आम्ही सगळ्यांनी मिळून तिथे मोठी जादा टाकी बसवून घेतली, गाळणीतून वाया जाणारं पाणी संडासाला आणि झाडांना वळवलं. देवाने एकदा निभावलं म्हणून दर वेळी त्यालाच पळवायचं, हे बरं नव्हे.

हे तसेच आहेत, एक दिवसाआड जातात, येतात, बाटलीकडे बघत बसतात. उन्हाळा येतो, कपात जाहीर होते. आणि ज्या दिवशी ती बातमी येते, त्या दिवशी माझा फोन वाजतो. पलीकडून वनिता विचारते, "ताई, पानी हाय ना?"

मी सांगते, "हाय गं, हाय."