बिनदोऱ्याचा खेकडा

आमच्या गावात तोंडाने भांडणारे पुष्कळ आहेत, पण वर्षभर लक्षात राहावे असे भांडण फक्त झेंड्यावर होते. गावात झेंडे-ढोलांची पथके दोन, एक नंबर आणि दोन नंबर. मूल बापाच्या पथकात जन्मते आणि लग्न झाले तरी तिथेच राहते, त्यामुळे सणाच्या दिवशी निम्म्या घरांत नवरा एका बाजूला आणि बायको दुसऱ्या बाजूला. एक नंबरच्या झेंड्यावर मांजर आणि शेपट्या आवळलेले उंदीर निघाले, की दोन नंबरवाल्यांनी समजून घ्यायचे की उंदीर आपण. मग पुढच्या सणाला त्यांचे उत्तर तयार. चित्र दिसले की अख्खा किनारा त्यामागची म्हण ओरडतो. म्हण नसेल तर ते नुसते फडके.

दोन्हीकडचे झेंडे शिवायची एकच बाई, अराबा न्यार्कोआ. तिचा बाप एग्या अता झेंडेवाला. मुलगे होड्यांवर गेले म्हणून त्याची कात्री मुलीच्या हाती आली, आणि मुलीने ती पुन्हा कुणाला दिली नाही. स्वतः एक नंबरची, नवरा क्वेसी दोन नंबरचा. बायकोने शिवलेला अपमान भर किनाऱ्यावर फडकला, की क्वेसी रागाने त्या रात्री बहिणीकडे जेवायचा. सकाळी घरी येऊन म्हणायचा, "मांजराच्या मिशा मात्र झकास जमल्यात हं." क्वेसीला समुद्राने नेले, त्याला आता बरीच वर्षे झाली. त्या वर्षीही अराबाने दोन्ही झेंडे शिवले. रडत शिवले, पण टाका वाकडा पडू दिला नाही.

"तू नक्की कुणाच्या बाजूची गं?" असे शेजारची एफुआ तिला नेहमी विचारायची. एफुआ मासे धुरावणारी, जिभेला हाड नाही.

"कापडाच्या," अराबा म्हणायची.

तिला एकाच गोष्टीची हौस राहून गेली होती. दरबाराचे राजछत्र शिवायची. मखमलीचे, झालरीचे, चार माणसांनी धरायचे ते छत्र नेहमी केप कोस्ट शहरातल्या कारागिराकडे जायचे. बाप ती इच्छा मनात घेऊनच गेला. अराबा म्हातारी झाली तरी सणाला मिरवणूक निघाली, की आधी छत्राच्या शिवणी बघायची आणि नाक मुरडायची.

मग नाना एसुमान गावचे राजे म्हणून गादीवर आले आणि त्यांनी होड्या लावायचा किनारा हॉटेलवाल्यांना देऊन टाकला. देऊन टाकला म्हणजे गावाला कळले तेव्हा खांब रोवायची माणसे आली होती. होड्या खाडीच्या पलीकडे न्या, असा हुकूम. तिथे नुसता खडक. होडी लावली तर तळाच्या चिंधड्या व्हायच्या.

त्याच वर्षी दोन नंबरने एबोला नायक केले. नव्या नायकाने नवा झेंडा द्यायचा असतो, त्याशिवाय त्याला कुणी नायक म्हणत नाही. एबो अराबाच्या पडवीत येऊन बसला.

"मामे, या खेपेला एक नंबरला शिवी नको."

"मग कुणाला हवी?"

एबोने दरबाराच्या दिशेने हनुवटी उडवली. अराबाने लाल कापड काढले, त्यावर खडूने एक बीळ काढले, बिळात नांग्या उगारलेला खेकडा आणि बिळात शिरणारा एक गुबगुबीत हात. हातात सोन्याचे कडे. म्हण आमच्याकडे पोराटोरांना पाठ आहे: बीळ विकणाऱ्याने आधी आत हात घालून बघावा.

एबो एवढा हसला की त्याला ठसका लागला.

झेंडा शिवून होतो न होतो तोच ओक्यामे अंपिया हजर. नाना लोकांशी थेट बोलत नाहीत, त्यांचे बोलणे ओक्यामेच्या तोंडून येते आणि लोकांचे ओक्यामेच्या कानातून जाते. अंपियाला वाटायचे, मधे आपण नसलो तर गाव मुके होईल.

"मामे, यंदापासून प्रत्येक नवा झेंडा आधी दरबार बघणार." झेंडा बघून त्याचा चेहरा आंबला. "हे कडं काढा."

"आता हाताला कडंही नसावं?"

"काढा म्हटलं ना. आणि ऐका, नाना नवं छत्र करायचं म्हणतायत. मी तुमचं नाव घातलंय कानावर." तो गोड हसला. "शहाण्याला शब्दाचा मार."

छत्र! अराबाने त्याच्यासमोरच कडे उसवले. आता उगाच तिला थोर करून सांगत नाही. हे करताना तिच्या डोळ्यांपुढे मखमल होती.

दुसऱ्या दिवशी अंपिया पुन्हा आला. हातही काढा. हात तर हात. तिसऱ्या दिवशी, खेकडाच काढा.

"खेकड्यानं काय केलं तुमचं?"

"बीळ बघून लोकांना बाकीचं आठवतं."

"मग लोकांची डोकी उसवा, ओक्यामे. कापड का उसवायला लावता?"

"छत्र, मामे," अंपिया म्हणाला. एवढेच.

तिने खेकडा उसवला, बीळही उसवले. अंपियाने कापड उलटसुलट करून पाहिले, एकही टाका नाही याची खात्री केली आणि खूश होऊन गेला. अराबा मात्र भिंतीला टेकून बसून राहिली. एवढ्या वर्षांत तिने कुणाच्या भीतीने काही शिवले नव्हते आणि आज भीतीने उसवले होते. भीतीने नाही, हावेने. ते जास्त झोंबले.

दोरे झटकायला तिने कापड दारात धरले. पाठीमागे ऊन होते. आणि लाल कापडावर बारीक बारीक उजेडाच्या ठिपक्यांचा खेकडा दिसला. नांग्यांसकट. शेजारी हातही होता, आणि हातात कडे.

समुद्राच्या वाऱ्याला बारीक शिवण टिकत नाही, म्हणून ती शिडाच्या सुईने, दुहेरी दोऱ्याने शिवायची. त्या सुईची भोके राहिली होती. पाण्याचा हात फिरवून नखाने घासले की अशी भोके मिटतात, हे शिवणारी कुठलीही बाई जाणते. अंपिया जाणत नव्हता. अराबाने पाण्याची वाटी उचलली, परसात नेली आणि मिरचीच्या रोपाला ओतून टाकली.

मंगळवार होता. मंगळवारी समुद्राला सुट्टी, कुणी जाळे टाकत नाही. अराबाने एफुआला हाक मारली, एफुआने आणखी चौघींना. एक नंबरच्या आल्या, दोन नंबरच्याही आल्या. अराबाने प्रत्येकीच्या हातात शिडाची सुई दिली.

"दोरा कुठाय?" एकीने विचारले.

"दोरा नाही. जिथं भोक दिसेल तिथून सुई घाला, फिरवून भोक मोठं करा, काढा. नवं भोक एकही पाडायचं नाही. जे होतं तेच ठेवायचंय."

"अगं, तुझं छत्र?" एफुआ म्हणाली. तिला माहीत होते.

"बाईसाहेब, छत्राखाली मी थोडीच बसणार होते? तो बसणार होता. मी उन्हातच!" अराबा म्हणाली आणि खाली बघून पुढचे भोक शोधायला लागली. "हवं होतं गं मला. फार हवं होतं. पण होड्या त्या खडकावर फुटल्या तर मी शिवू कुणासाठी?"

मग एफुआ म्हणाली, "हात चालवा गं, रडून भोकं मोठी होत नाहीत," आणि बायका पोरींसारख्या खिदळायला लागल्या. संध्याकाळपर्यंत बायका बसल्या होत्या. आंबवलेल्या मक्याचे डोकोनो आणि तळलेली मासळी तिथेच खाल्ली, बोटे पुसून पुन्हा सुया घेतल्या.

सणाच्या सकाळी किनाऱ्यावर माणूस मावत नव्हता. नाना सूर्याकडे तोंड करून छत्राखाली बसले होते. एबो पुढे आला, त्याच्या मागे झेंडा नाचवणारा जोजो. जोजोने झेंडा अंगाभोवती गुंडाळून फिरवला, पायाखालून काढला. लाल कापड, पांढरी किनार, मधे काही नाही. लोक कुजबुजले. एक नंबरवाले हसायला लागले. अंपियाने समाधानाने नानांकडे पाहिले.

मग जोजोने सूर्याकडे पाठ केली आणि झेंडा दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरला.

आधी एक म्हातारी ओरडली. मग अख्ख्या किनाऱ्याने म्हण उचलली. दोन नंबरने उचलली तशी एक नंबरनेही उचलली, आणि ही दोन पथके एका सुरात ओरडलेली आमच्या गावाने कधी ऐकली नव्हती. बीळ विकणाऱ्याने आधी आत हात घालून बघावा!

अंपिया धावतच अराबापाशी आला. त्याला घाम फुटला होता. "नाना विचारतात, त्यांचा हुकूम मोडून झेंड्यावर खेकडा का ठेवला?"

अराबा त्याला वळसा घालून पुढे गेली. नानांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि थेट त्यांच्याशी बोलली. आमच्याकडे असे कुणी करत नाही. ढोल थांबले.

"नाना, मी शिवला होता तो खेकडा तुम्ही काढायला लावलात. मी काढला. एक टाका सापडला तर माझे हात तोडा. शिवलेला होता तेव्हा तो फक्त कापडावर होता, उसवायला लावलात म्हणून त्यातून उजेड यायला लागला. हा माझा झेंडा नाही. हा तुमचा हुकूम आहे."

नाना ओक्यामेकडे बघत राहिले. ओक्यामे मागेच राहिला होता.

"झेंडा खाली घ्या," शेवटी नाना स्वतःच म्हणाले.

जोजोने एबोकडे पाहिले, एबोने अराबाकडे. अराबा वळली आणि तिने एक नंबरच्या ढोलवाल्यांकडे पाहिले, स्वतःच्या बापाच्या पथकाकडे. दोन नंबरच्या झेंड्यासाठी त्यांनी आजवर कधी ढोलाला हात लावला नव्हता.

"बघता काय?" ती म्हणाली. "वाजवा."

त्यांनी वाजवले.