उत्तरेच्या खिडकीतली पट्टी

सत्तरच्या दशकात नाशिकला रविवारी सकाळी गोदाघाटावर आम्ही सहा-सात जण चित्रं काढायला बसायचो. माझ्यासारखे दोघं-तिघं शाळेत चित्रकला शिकवणारे, एक पाट्या रंगवणारा, एक पोस्टातला. बोर्डाला कागद ताणून आणायचा, मगात नदीचंच पाणी घ्यायचं आणि ऊन चढायच्या आत चित्र संपवायचं. जलरंगाला उशीर चालत नाही. ऊन चढलं की कागद भराभर वाळतो आणि सावल्याही जागा सोडतात. नऊच्या सुमारास सगळ्यांची चित्रं एका पायरीवर ओळीनं मांडायची, उडू नयेत म्हणून कोपऱ्यांवर खडे ठेवायचे. मग आमचे सर यायचे. ते निवृत्त कलाशिक्षक. प्रत्येक चित्रासमोर थांबून एकच वाक्य बोलत, आणि त्यावर उलट बोलायचं नाही, असा तिथला रिवाज होता.

"हे आभाळ आहे की निळीत बुडवलेलं धोतर?"

"देवळाला पाया द्यायला विसरलास. पुढच्या पुरात वाहून जाईल."

माझ्या चित्रापुढं ते बरेच महिने नुसतं "हं" म्हणून पुढं जात. त्या "हं"चा मला आठवडाभर त्रास व्हायचा. माझं काय चुकतं ते मला कळत होतं. घाटाचा दगड काळा, त्यावरची सावली अजून काळी, आणि माझ्या ट्यूबमधल्या रंगांनी ती सावली चिखलासारखी व्हायची.

रविवार कारंज्याजवळ माझ्या ओळखीचा एक फोटोवाला होता. काळ्यापांढऱ्या लग्नाच्या फोटोंना तो हातानं रंग द्यायचा: गालाला गुलाबी, शालूला जांभळा. ते रंग काचेसारखे पारदर्शक. एकदा त्याच्या दुकानात बसलो असताना मी त्यातली जांभळ्या रंगाची बाटली मागितली.

"नवरीच्या शालूचा रंग तू घाटाला लावणार?" तो म्हणाला. "लाव बाबा. घाटाचं तरी लग्न होऊ दे."

नुसत्या पाण्यात त्या जांभळ्याचे दोन थेंब टाकले आणि माझ्या सावल्या उजळल्या. दगड सावलीत असूनही दिसायला लागला. पुढच्या रविवारी सर माझ्या चित्रापुढं थांबले आणि म्हणाले, "आज सावलीत हवा आहे." मी त्या दिवशी घरी चालत गेलो की कसा गेलो, आठवत नाही.

पण त्याआधी, ओळ संपल्यावर, रिवाज मोडून ते परत आले. "हा रंग कुठला?"

मी सांगितलं.

"फोटो अल्बमात मिटून असतो. चित्र भिंतीवर असतं," सर म्हणाले. "कागदाची एक पट्टी रंगव. अर्धी वहीत ठेव, अर्धी खिडकीला लाव. चार महिन्यांनी दोन्ही शेजारी ठेवून बघ. मगच वापर."

मी आज्ञाधारक विद्यार्थी होतो, त्याच रात्री पट्टी रंगवली. पंचवटीत मी भाड्यानं घेतलेल्या खोलीला उत्तरेकडं मोठी खिडकी होती. खोली घेतली तीच त्या खिडकीसाठी. काम करायला उत्तरेचा उजेड लागतो, दिवसभर सारखा आणि शांत, असं आम्हाला कलाशिक्षणाच्या पहिल्या वर्षापासून शिकवलेलं. पट्टीचा अर्धा भाग मी त्या खिडकीच्या काचेला चिकटवला. चार महिन्यांनी दोन्ही तुकडे शेजारी ठेवले. तसूभर फरक नव्हता. सरांना दाखवले. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि "ठीक" म्हणाले. त्यानंतर माझं एकही चित्र त्या जांभळ्याशिवाय झालं नाही. लोक माझी चित्रं सही न बघता ओळखायला लागले.

आता आक्काबद्दल लिहायला हवं.

आमचे वडील इगतपुरीला रेल्वेत गँगमन होते. आई मी सहावीत असताना गेली. माझी थोरली बहीण, तिला मी आक्का म्हणतो, तेव्हा लग्न होऊन जवळच्याच खोऱ्यातल्या एका गावात नांदत होती. मी मॅट्रिक होईपर्यंत रोज सकाळी दूधवाल्याबरोबर तिनं बांधून दिलेली भाकरी यायची. इगतपुरीच्या पावसात तो दूधवाला घोंगडी पांघरून यायचा, तरी भाकरीचं फडकं कोरडं असायचं, कारण आक्का ते वरून दोन पानांत गुंडाळून द्यायची. सुट्टीत मी तिच्याकडेच राहायचो. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढं शिकलेला मी पहिला. त्यात माझी हुशारी किती आणि ती भाकरी किती, याबद्दल माझ्या मनात कधी शंका नव्हती.

मग त्या खोऱ्यात धरण झालं. गाव उठणार हे दोन-तीन वर्षं नुसतं ऐकत होतो, आणि एका उन्हाळ्यात नोटिसा आल्या. आक्का नाशिकला आली, माझ्या खोलीत भिंतीला टेकवलेली घाटाची चित्रं तिनं एकेक करून पाहिली आणि म्हणाली, "भाऊ, देवळांची एवढी काढतोस. माझ्या घराचं एक काढ. पाणी यायच्या आधी."

फोटोवाल्याला मी हे सहज सांगितलं. तो म्हणाला, "मी येतो कॅमेरा घेऊन. दोन-चार फोटो काढून ठेवू."

मी म्हणालो, "फोटो पिवळा पडतो. चित्र टिकतं."

हे मी हसत म्हणालो होतो. तोही हसला.

मे महिन्यात दोन दिवस आक्काच्या अंगणात बसून मी ते चित्र काढलं. पुढं पडवी, तिला लाकडी खांब, बाजूला गोठा, मागं उंबर. माझ्यामागं अर्धं गाव उभं. आक्काचे यजमान, आमचे दाजी, गड्यांना सांगत होते, "सरका रं, मास्तरांचा उजेड अडवू नका." आणि मला, "मास्तर, म्हैस घ्या की चित्रात. तीबी हितलीच हाय."

"ती हलते," मी म्हणालो.

"मग हिला घ्या. ही वीस वर्सं हलली नाय हितनं," ते आक्काकडं बोट करून म्हणाले. सगळे हसले. आक्काही हसली, आणि पदर तोंडाला लावून आत गेली. बराच वेळ आली नाही.

ते माझं सगळ्यांत चांगलं चित्र होतं. पडवीखालची सावली मी एकाच ओल्या हातात उतरवली. तिच्या आत उंबरठा, रांजण, टांगलेली टोपली हे सगळं दिसत होतं, तरी सावली सावलीच होती. आक्कानं पाहिलं, बोटानं कागदाला न शिवता रांजणावरून हवेत बोट फिरवलं आणि म्हणाली, "लय गार वाटतं रे."

पावसाळ्यात पाणी चढलं. त्याआधी लोकांनी दारं, खांब, वासे काढून नेले. आक्काला घोटीकडं एका माळावर पत्र्याचं घर मिळालं. झाड नाही, पश्चिमेला तोंड. दारासमोरच्या भिंतीवर तिनं माझं चित्र लावलं. मी फ्रेम करून, काच घालून दिलं होतं.

पुढची तीन-चार वर्षं मी तिच्याकडं गेलो नाही. शाळा, माझं लग्न, मुलं, दोन प्रदर्शनं. कारणं सगळी खरी होती. भाऊबीजेला तीच नाशिकला यायची. चित्राचा विषय निघाला की म्हणायची, "हाय की. भिंतीवर हाय," आणि मुलांशी बोलायला लागायची.

भाचीच्या साखरपुड्याला गेलो तेव्हा त्या भिंतीवर एक मोठं कॅलेंडर होतं. त्याच्या खालून माझ्या फ्रेमची कड दिसत होती. पाहुणे जेवून बसले होते. मी कॅलेंडर उचललं.

पडवी नव्हती. गोठा नव्हता. पिवळसर माती होती, उंबराच्या बुंध्याचा तपकिरी डाग होता, पेन्सिलच्या रेषा होत्या. बाकी कागद. जलरंगात घराचा आकार सावली देते. सावली काढून घेतली की भिंत, दार, खोली, काहीच उरत नाही. माझ्या सावल्या सगळ्या जांभळ्याच्या होत्या.

"बघितलंत मास्तर, तुमच्या बहिणीचा पराक्रम?" दाजी पाहुण्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पुसून पुसून साफ केलं. ताटली समजली ती. धरणाला जेवढं जमलं नाय तेवढं हिनं फडक्यानं केलं."

पाहुणे मोकळेपणानं हसले. ही गोष्ट त्यांनी याआधीही ऐकली असावी, कारण एक जण शेवट व्हायच्या आधीच हसला.

आक्का माझ्याजवळ आली आणि हळू म्हणाली, "दिवाळीला ओल्या फडक्यानं काच पुसली रे. आत पाणी गेलं असंल. तुला कसं सांगू, तेच कळंना. दोन वर्सं झाली."

दारातून पश्चिमेचं ऊन आत येत होतं. कॅलेंडर नसतं तर ते थेट चित्रावर पडलं असतं. मला त्याच क्षणी सगळं कळलं. मी म्हणालो, "असेल. ओल लागली की जातो रंग."

असं का म्हणालो, याचं उत्तर मी पुष्कळदा शोधलं आहे. पाहुणे होते, मी शहरातला शिकलेला मामा होतो, चित्रकार होतो. एवढंच सापडतं.

नाशिकला परत आल्यावर मी सरांकडं गेलो. ते तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. मी सगळं सांगितलं. पट्टीची आठवण दिली, चार महिन्यांत काही झालं नव्हतं हेही सांगितलं.

"कुठल्या खिडकीला लावली होतीस?"

"खोलीतल्या. उत्तरेच्या."

"तिथं ऊन येतं का रे?"

"नाही," मी म्हणालो.

"मीही विचारलं नाही," ते म्हणाले, आणि कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी मी एक नवी पट्टी रंगवून गच्चीवर उन्हात ठेवली. आठवड्याभरात ती कोऱ्या कागदासारखी झाली. सगळी परीक्षा एका आठवड्याची होती. शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीत माझं घाटाचं चित्र होतं, त्याच्यावर सकाळचं ऊन यायचं. तिथं जाऊन पाहिलं. पायऱ्या निघून गेल्या होत्या. मुख्याध्यापक म्हणाले, "असं धुक्यातलं चित्र मला फार आवडतं." मी आभार मानून बाहेर आलो.

किती घरांत माझी चित्रं गेली होती ते मला सांगता येणार नाही. प्रत्येक घरातली खिडकी कुठल्या दिशेला असेल, याचा मी रस्त्यानं चालताना विचार करायचो. रविवारी घाटावर जाणं सुटलं. जांभळा सोडून काढायला बसलो तर सावल्या पुन्हा चिखलाच्या. जी गोष्ट मला जमत होती असं मी आणि लोक समजत होतो, ती त्या बाटलीला जमत होती. वडिलांनी रुळांवर उन्हात घालवलेली वर्षं आठवायची. त्यांनी ठोकलेले रूळ निदान जागेवर होते.

आक्काचं घर पुन्हा काढायचं मी ठरवलं. पक्के रंग घेतले. एकदा नाही, पाच-सहा वेळा काढलं. सरावासाठी काढलेलं कच्चं रेखाटनसुद्धा मी ठेवलं नव्हतं. पडवीच्या आत काय काय होतं ते आठवायचं, पण उजेड कुठून येत होता ते आठवायचं नाही. दीड वर्षानं त्यातलं एक बरं वाटलं, ते घेऊन मी माळावर गेलो.

आक्कानं ते मांडीवर घेतलं. दारात, उजेडाकडं धरून बराच वेळ पाहिलं.

"छान हाय," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "गोठ्याचं दार हिकडं व्हतं ना रे? असू दे. छान हाय."

शेजारच्या बाई बघायला आल्या होत्या. दाजी म्हणाले, "आता ह्याला तरी फडकं लावू नको गं. मास्तरांनी दुसऱ्यांदा मेहनत घेतलीय." बाई हसल्या. आक्काही जरा हसली, सवयीनं.

मी म्हणालो, "दाजी, फडक्यानं काही झालं नव्हतं. रंगच कच्चा होता. उन्हानं उडाला. तो रंग मी लावला होता."

दाजी उठले. मग "म्हशीला पाणी दावतो" असं काहीसं बोलून बाहेर गेले. शेजारच्या बाईही उठल्या.

"म्हंजे माझ्या हातनं नाय झालं?" आक्का म्हणाली.

"नाही."

"आत पाणी बी गेलं नव्हतं?"

"नाही."

ती रडायला लागली. चित्रासाठी नव्हे, हे मला कळत होतं. तिचा चेहरा हलका झाला होता. डोळे पुसून तिनं विचारलं, "तुला कधी कळलं?"

नंतर कळलं, असं म्हणता आलं असतं.

"साखरपुड्याच्या दिवशी."

तिनं चित्र मांडीवरून काढून भिंतीला टेकवून ठेवलं. "दीड वर्स," ती म्हणाली. "घरात कुणी आलं की हे तीच गोष्ट सांगत्यात. आन् साखरपुड्याला तर तू म्होरं उभा राहूनच ऐकली."

तिनं मला जेवायला वाढलं. भात दोनदा वाढला, लोणचं विचारलं. एरवी फाट्यावर बस येईपर्यंत ती माझ्याबरोबर उभी राहायची. त्या दिवशी ती दारातूनच "जा सावकाश" म्हणाली आणि आत गेली. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा ते नवं चित्र भिंतीवर नव्हतं. कुठं ठेवलंय, हे तिनं सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.