कुलूपवाल्याची मड्डम

कुलूपवाल्याने म्हातारपणी मड्डम ठेवली, ही बातमी फुटली ती पोस्टमास्तरांच्या पायरीवर. रोज सकाळी टपरी उघडायच्या आधी कुलूपवाला मास्तरांकडे जायचा, दार लोटून घ्यायचा आणि इंग्रजी शिकायचा. संध्याकाळी त्याच्या खिडकीतून बायकी आवाजात इंग्रजी ऐकू यायचं. एवढ्या भांडवलावर गल्लीने महिनाभर मजेत गुजराण केली. कुणी मड्डमचे केस सोनेरी केले, कुणी तिला फोनवरून गळाला लावली. शेवटी मास्तरच न राहवून बोलले, की मड्डम म्हणजे त्याची लग्नाची बायको आहे. मग सगळ्यांची तोंडं एवढीशी झाली.

बायको म्हणजे आपल्या बाई. शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं. अर्ध्या गल्लीच्या वह्यांवर त्यांच्या लाल पेनाच्या रेघा आहेत. घरात मात्र एकच विद्यार्थी नापास. बाई मागे लागल्या की तो कानस घासत म्हणायचा, "मला इंग्रजी आलं तर तू मला नावं कुठल्या भाषेत ठेवशील?" बाई हसायच्या आणि मराठीत ठेवायच्या.

मग बाईंना झटका आला. उजवं अंग गेलं, आणि सोबत मराठी गेली ती परत आलीच नाही. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, मेंदूत काय उरेल ते सांगता येत नाही. बाईंकडे थोडंसं इंग्रजी उरलं होतं. "अहो"सुद्धा गेलं. नवऱ्याला त्या वर्गातल्यासारखी हाक मारायच्या, "यू, लास्ट बेंच!" पहिल्यांदा तो हसला. मग मोरीत जाऊन बराच वेळ नळ सोडून उभा राहिला.

उरलेल्या इंग्रजीतही वस्तूंची नावं गळत चालली होती. बाई म्हणायच्या, "अंडर… अंडर…" आणि पुढचं काही यायचंच नाही. त्याला एवढंच कळायचं, की काहीतरी कुठेतरी आहे. म्हणून तो मास्तरांकडे गेला. म्हणाला, "बाकी इंग्रजी राहू द्या. वर, खाली, मागे, मध्ये, एवढंच शिकवा."

मास्तरांनी त्याच्याच मालावर शिकवलं. किल्ली कुलपात घातली, की इन. कुलूप डब्यावर ठेवलं, की ऑन. डबा उचलून कुलपावर पालथा घातला, की अंडर. कुलूपवाला वैतागायचा. "आपल्यात आधी वस्तू येते, मग जागा. टेबल म्हटलं, मग टेबलावर की टेबलाखाली ते बघू. हे लोक जागा आधीच सांगून मोकळे. माणसाने तोवर कशाला लोंबकळायचं?"

"तुम्ही शिका हो. भांडण नंतर करा."

टपरीवर किल्ली घासताना तो पुटपुटायचा, गिऱ्हाईक चमकून बघायचं. घरी बाईंच्या समोर वाटी पुढे-मागे करून म्हणून दाखवायचा. चुकला की बाई डाव्या हाताने पलंगाच्या कडेवर टकटक करायच्या. एकदा सगळे शब्द बरोबर आले, तेव्हा त्यांनी हवेत बोटाने टिकमार्क केला. त्या दिवशी कुलूपवाल्याने टपरी दुपारीच बंद केली. पास झालेल्या माणसाने काम कशाला करायचं!

त्यानंतर काही दिवसांनी बाई सकाळपासून एकच सांगत होत्या, "ऑन. ऑन." ऑन त्याला आता झोपेतही येत होतं. त्याने टेबलावरचं सगळं आणून दाखवलं. कपाटावरचं काढलं. खिडकीच्या कट्ट्यावरचं, फळीवरचं, फ्रिजवरचं. बाई मान हलवत राहिल्या. दुपारी त्या रडायला लागल्या. त्याने पंखा ऑन करून पाहिला, दिवा करून पाहिला. संध्याकाळी त्या गप्प झाल्या, तेव्हा त्याला वाटलं, बरं झालं, विसरल्या.

रविवारी मुलगा आला. आईची पाठ पुसायला त्याने तिला कुशीवर वळवलं. पाठीखाली चादरीच्या घडीत तिचा चष्मा होता. एक काडी मोडलेली. पाठीवर काळंनिळं उमटलं होतं.

"बाबा, हे किती दिवस?"

कुलूपवाला मोडलेली काडी हातात घेऊन बसून राहिला. बाईंना चष्मा पाठीखाली टोचत होता, आणि तोंडातून येत होतं ऑन. जन्मभर मुलांचे गुण ज्यावर कापले तेच बाईंचं चुकत होतं, आणि तो मात्र बरोबर ऐकून वर-वरच शोधत राहिला होता.

त्यानंतर तो मास्तरांकडे गेला नाही. मास्तर टपरीवर येऊन म्हणाले, "अहो, आत्ता कुठे बिट्वीन घेतलं होतं."

"राहू द्या बिट्वीन."

आता बाई काही बोलल्या की तो सगळीकडे बघायचा. वर, खाली, मागे, उशीच्या आत, त्यांच्या अंगाखाली हात घालून. ऑन म्हणजे कधी खाली असायचं, कधी मागे, आणि कधी खरंच वर. नियम म्हणून लागत नव्हता. कुलपात निदान लिव्हरच्या पट्ट्या असतात, कान लावला तर एखादी टिकटिकते. टपरी अर्धा वेळ बंद राहायला लागली. लोक दुसरीकडून किल्ल्या करून घेऊ लागले. बाई दिवसेंदिवस हलक्या होत होत्या आणि शब्द दिवसेंदिवस कमी. कधीकधी तो तासभर शोधायचा, काही सापडायचं नाही, आणि मग बाईच कंटाळून डोळे मिटायच्या.

मुलगा पुन्हा आला तो सगळं ठरवूनच. त्याच्या घराजवळ शुश्रूषागृह होतं. खोली पाहून झाली होती. मुलगा वाईट नव्हता.

"बाबा, तुमचीही तब्येत बघा. तुम्हाला तिचं काही कळत नाही, आणि हे तुम्हालाही माहीत आहे. तिथल्या नर्सना चांगलं इंग्रजी येतं. कुणाशी तरी बोलेल ती."

पलंगावरून बाई म्हणाल्या, "बिहाइंड."

मुलाने पलंगाच्या मागे वाकून पाहिलं. "काही नाही, आई," असं म्हणून तो परत खुर्चीत बसला.

कुलूपवाला उठला होता. त्याने पलंगाच्या मागे पाहिलं, उशी उचलली, पायाशी पाहिलं, चादर झटकली, मग गुडघे टेकून पलंगाखाली वाकला. तिथून त्याचा आवाज आला.

"तिथं सगळ्यांना इंग्रजी बरोबर येतं, म्हणूनच नको. ती मागे म्हणाली की ते मागे बघतील, काही नाही म्हणतील आणि निघून जातील. मला येत नाही, म्हणून मी घरभर शोधतो."