निर्मलाबाईला कोण पोसतं

आखाडा बाळापूरजवळच्या तांड्यात निर्मलाबाईएवढं पोराचं कौतुक कुणी केलं नसेल. तिचा प्रेमदास हिंगोलीत स्वतःची पिकअप चालवतो, भाड्याच्या का होईना पण स्लॅबच्या घरात राहतो. तो घरी काय देतो असं कुणी विचारलं, की बाई म्हणायची, मागायची वेळच येऊ देत नाही. खरी गोष्ट अशी, की प्रेमदासनं आईला कधी रुपया दिला नाही. ती जगत होती विधवेला सरकारकडून मिळणाऱ्या निराधार पगारावर आणि दुसऱ्यांच्या वावरातल्या निंदणीवर. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि बाईनं ती फार घट्ट झाकली होती.

यंदा होळीला नातवाची धुंड होती. वर्षभरात ज्या घरी मुलगा झाला, त्या घरी होळीला सगळा तांडा जमतो. तरुण पोरं बाळाच्या डोक्यावर काठ्या धरून वाजवतात, गाणी म्हणून आशीर्वाद देतात, आणि घरच्यांनी सगळ्यांना जेवू घालायचं असतं. प्रेमदास आणि सून दिपा हात हलवत आले. गाडीचा हप्ता आहे, म्हणाला. बाईनं खात्यात साठलेला पगार काढला, बोकड आणला आणि तांड्याला सांगितलं, सगळं पोरानं केलं. मला अशा आयांचा रागच येतो. पोराचा नाकर्तेपणा पदराखाली घेतात आणि वर त्याचीच आरती ओवाळतात.

होळी झाली आणि तलाठी आला. बाईला पासष्ट वर्षं पूर्ण झाली होती, त्यामुळे तिचा पगार निराधारमधून श्रावणबाळ योजनेत जायचा होता. त्यासाठी उत्पन्न मर्यादेच्या आत हवं, आणि पोसणारं कुणी नाही हे चारचौघांत ठरायला हवं होतं. नाही ठरलं तर पगार बंद. गुडघ्यांपायी निंदणी तर आधीच सुटली होती.

चौकशी तांड्याचे प्रमुख, नाईक उत्तमसिंगांच्या ओट्यावर झाली. बोकडाची चव अजून जिभेवर असलेला सगळा तांडा समोर बसला होता. मुलगा सांभाळतो का, असं तलाठ्यानं विचारलं. बाईची मान खाली गेली. व्हय म्हणावं तर पगार जातो, न्हाई म्हणावं तर पोराची अब्रू जाते.

प्रेमदास सुट्टीला थांबला होता. तोच उठला.

"मी पोसत न्हाई साहेब तिला. एक रुपया देत न्हाई. बराबर लिहून घ्या."

ओट्यावर हशा पिकला. आईच्या पगारासाठी पोरगं स्वतःवर बट्टा घेऊन राहिलं, असं सगळ्यांना वाटलं. शेजारची निलम म्हणाली, लेक असावा तर असा. प्रेमदासही हसला. आईकडे मात्र त्यानं पाहिलं नाही.

निर्मलाबाईनं ओढणी तोंडावर ओढली. पोराची लाज वाटली, त्याहून जास्त स्वतःची. खरं बोललेलं कुणाला खरं वाटू नये, ही तजवीज तिनंच इतकी वर्षं केली होती. आता ओरडून सांगितलं असतं तरी कुणी मानलं नसतं.

नाईकांनी हसत हसत साक्षीची सही केली आणि तिला चिडवलं.

"निर्मलाबाई, पोरगं एवढं सोन्यासारखं, मग सरकारला काहून फसवून राहिल्या?"

बाईनं अंगठ्याला शाई लावली.

"चुकलं नाईक," ती म्हणाली, आणि हक्काच्या पगारासाठी चोरासारखा अंगठा उठवला.