चौथी काच

विचुंब्याला माझी धाकटी बहीण राहते. नवरा न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात, दोन मुली शाळेत. तिच्या हॉलमध्ये, बीम जिथे कॉलमला मिळतो त्याच्या खाली, भिंतीला एक तिरका तडा आहे. त्या तड्यावर मी काचेची पट्टी आडवी चिकटवली होती. दोन्ही टोकांना सिमेंटचा एकेक ठिपका आणि कोपऱ्यात मार्करने तारीख. काच ताणली जात नाही. तडा केसभर रुंदावला तरी ती तुटते. नाही तुटली तर समजायचं, तडा जुना आहे, हलत नाही. गेलं दीड वर्ष मी दर महिन्याला पनवेलहून भाच्यांना भेटायला जातो असं घरात सगळे समजत होते. मी काच बघायला जात होतो.

का, ते गेल्या रविवारपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. आता लिहितो.

पंधरा वर्षांपूर्वी मी एका छोट्या लॅबमध्ये काँक्रीट तपासायचो. कॉलम भरताना त्याच मालाचे क्यूब, म्हणजे छोटे चौकोनी ठोकळे, भरून ठेवतात. ते अठ्ठावीस दिवस पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवायचे, कारण पाण्याविना काँक्रीटला पूर्ण ताकद येत नाही, आणि मग मशीनमध्ये दाबून फोडायचे. फुटायच्या आधी क्यूब आतून बारीक कुरकुरतो. डायलवर दोन काटे असतात. क्यूब फुटला की काळा काटा शून्यावर येतो, लाल काटा मात्र जिथवर दाब गेला त्या आकड्यावर थांबून राहतो. तो हाताने मागे फिरवावा लागतो.

त्या वर्षी गणपतीला मी गावी गेलो. टाकीचं बूच गळतंय हे मला माहीत होतं. परत आलो तर टाकी ठणठणीत कोरडी आणि क्यूब पांढरेफटक. तरी फोडले. तिन्ही फार कमी भरले. माल कच्चा होता, की माझ्या टाकीने घात केला, हे सांगायची काही सोय नव्हती. साहेबांना सांगून कॉलमची जागेवर तपासणी मागायला हवी होती. पण मग टाकीचं निघालं असतं.

तेवढ्यात साइटच्या सुपरवायझरचा फोन आला. "काय हो, झालं का आमचं बाळ पास? वरच्या स्लॅबच्या गाड्या निघाल्यात!"

"पास," मी म्हटलं.

फोन ठेवला, लाल काटा मागे फिरवला आणि रजिस्टरमध्ये दुसरेच आकडे लिहिले. फुटलेले क्यूब आवारातल्या खड्ड्यात टाकून दिले.

काही वर्षांनी बहिणीने विचारलं, "दादा, विचुंब्याला एक फ्लॅट बघितलाय. तू त्यातला माणूस. बिल्डिंग चांगली आहे ना?" तिने नाव सांगितलं. तीच बिल्डिंग. तेव्हाही तोंड उघडता आलं असतं. मी म्हटलं, "चांगली आहे."

तडा दिसला त्यानंतर माझं शरीर माझं राहिलं नाही. दाढ दुखते म्हणून गेलो तर दाताच्या डॉक्टर म्हणाल्या, "कीड नाहीये. दाढांना केसासारखे तडे गेलेत. झोपेत दात खाता का?" मग बीपीच्या गोळ्या सुरू झाल्या. एकदा तर बहिणीच्याच जिन्यात चक्कर येऊन पडलो. तिने मला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, सतत ताण असला की शरीर सैलच होत नाही, पेशींचीसुद्धा डागडुजी नीट होत नाही. बहीण सगळं ऐकत होती. मी मात्र ऐकताना क्यूबची कुरकुर आठवत होतो.

गेल्या रविवारी गेलो तेव्हा दारात मासेवाली मावशी टोपली उतरवून बसली होती. मी चप्पल न काढताच भिंतीकडे बघत उभा राहिलो.

"ओ दादा, भिंतीकडं काय बगता? मावरं बगा, ताजा हाय. भिंत कुटं पलून जात नाय!"

बहीण हसली. मला हसू आलं नाही. काच अखंड होती, तारीखही मी टाकली होती तीच होती, पण सिमेंटचे ठिपके पांढरे होते. मी राखाडी सिमेंट वापरलं होतं.

मासेवाली गेल्यावर मी विचारलं, "ही काच कुणी लावली?"

बहीण पापलेटं घेऊन सिंककडे वळली. "कुणी म्हणजे? तूच."

"पांढरं सिमेंट माझं नाही."

नळ चालूच होता. मग तो बंद झाला. "तुटली होती," ती म्हणाली. "दर वेळी तू आत यायचास ते भूत बघितल्यासारखा. काच धड दिसली की मग कुठे पाणी मागायचास. जिन्यात पडलास त्या दिवशी ठरवलं, याला तुटलेली दाखवायची नाही. वॉचमनकडून सिमेंट घ्यायचे, या वेळी बाथरूमच्या फरशीचं पांढरं उरलेलं होतं."

"या वेळी? म्हणजे किती वेळा तुटली?"

"तीनदा. असू दे रे, प्लास्टरला जातातच तडे. तूच म्हणाला होतास ना, चांगली आहे?"

मी तिथेच, मासळीच्या वासात, सगळं सांगून टाकलं. बूच, कोरडी टाकी, लाल काटा, फोनवरचं ते 'पास'. ती म्हणाली, "मुली त्या भिंतीला टेकून अभ्यास करतात, दादा."

मग तिने ड्रॉवरमधून वर्तमानपत्राची पुडी काढली. आत तिन्ही तुटक्या काचा होत्या. प्रत्येकीवर तुटल्याची तारीख तिच्या अक्षरात होती. "फेकवल्या नाहीत. वाटलं, तुला कधीतरी लागतील."

मी क्यूब खड्ड्यात टाकले होते. तिने काचा जपून ठेवल्या होत्या. तारखा लावून बघितल्या. पहिली काच आठ महिन्यांनी तुटली होती, दुसरी पाच, तिसरी तीन. तडा हलत होता, आणि दर वेळी जास्त वेगाने. चौथी लावून महिना झाला होता.

"मुलींना बोलाव," मी म्हटलं. "कपडे घे. माझ्याकडे चला."

"किती दिवसांसाठी?"

"माहीत नाही."

"आणि वरचे? खालचे? चोवीस घरं आहेत."

तो प्रश्न मी पंधरा वर्षं टाळला होता. तिच्या मुलीच्या वहीतलं पान घेऊन जे झालं ते लिहिलं आणि खाली सही केली. दार लावताना तिने एकदा आत वळून बघितलं. काच अजून अखंड होती. ती मुलींना घेऊन खाली उतरली आणि रस्त्यापलीकडे, बिल्डिंगपासून लांब उभी राहिली. मी पुडी आणि पान घेऊन पहिल्या मजल्यावर गेलो आणि सोसायटीच्या सेक्रेटरींची बेल दाबली. आतून टीव्हीचा, कुकरच्या शिट्टीचा आवाज येत होता. कुणीतरी म्हणालं, "बघ गं, दारात कोण आहे."