तिचा सा तपकिरी होता

मी माझ्या मुलीचं वाजवणं बंद पाडलं. लातुरात मी कीबोर्डचे क्लास घेतो. मुलांना सोपं जावं म्हणून पट्ट्यांवर रंगीत टिकल्या चिकटवतो. सा लाल, रे पिवळा, ग हिरवा. त्या टिकल्यांमुळं माझी मुलगी सातवीत असताना सारखी चुकायला लागली. एकदा भर क्लासात म्हणाली, "पप्पा, सा लाल न्हाई, तपकिरी हाय. वल्ल्या मातीवानी."

पोरं हसली. एकानं विचारलं, "मग तुझ्या 'नी'ला वास बी येतो का?"

त्याला गप्प करायचं सोडून मी तिलाच म्हणालो, "नाटकं करू नको. येत न्हाई तर येत न्हाई म्हण." ती उठून गेली ती परत बसलीच नाही. पुढं तिचे बारावीचे क्लास सुरू झाले, आणि आता विषयच संपला म्हणून मला बरं वाटलं.

तिच्या नांदेडच्या कॉलेजात हॉलमध्ये एक पियानो होता. तिथं तिनं आपणहून पुन्हा सुरुवात केली. काहींना सूर ऐकताच रंग दिसतो, हा आजार नाही, हे तिला तिथल्या संगीताच्या बाईंनी सांगितलं. यंदा गॅदरिंगला ती स्वतःची रचना वाजवणार होती. तिनं आईला फोन केला. "पप्पांना म्हणावं, आलंच पाहिजे असं काही न्हाई."

मी सकाळच्या एसटीनं गेलो. ती सराव करत होती. कसं बांधलंस, एवढंच विचारलं.

"हे सगळं तपकिरी," तिनं डाव्या हातानं खर्जातले सूर दाबले. "त्यात पिवळा मिसळत न्यायचा. हा शेंदरी सूर लई भडक हाय, म्हणून शेवट येईस्तोवर त्याला शिवलेच न्हाई."

संध्याकाळी ऐकलं. मला रंग दिसले नाहीत. पण एक सूर सतत राहून जातोय, हे कानाला कळत होतं. अखेर तो आला तेव्हा माझ्या शेजारचे अनोळखी गृहस्थ हलकेच "वा" म्हणाले.

कार्यक्रमानंतर तिच्याभोवती मैत्रिणी जमल्या होत्या. तिला बाजूला घ्यावं असं वाटलं. पण अपमान मी चारचौघांत केला होता. तिथंच म्हणालो, "त्या दिवशी तू खरं सांगत होतीस, बाळा. मी तुला सगळ्यांदेखत खोटं पाडलं. चुकलं माझं. मला माफ कर."