पुलावर थांबलेली गाडी

आमचं गेवराईत पाइप-फिटिंगचं दुकान आहे. दुपारी जेवणानंतर गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा मी काउंटरवर मोबाइल टेकवून एका बाईचे व्हिडिओ बघतो. ती हिंदीत बोलते, चेहरा कधीच दाखवत नाही. विषय व्हिडिओ गेमचा. पण बोलता बोलता ती एखाद्या जुन्या चित्राकडं जाते आणि तिथून स्वतःच्या घरात शिरते. एकदा ती गेममधल्या रिकाम्या घराबद्दल सांगत होती. तिथं आपण प्रत्येक कप्पा उघडून बघतो, म्हणाली. "माझी आई गेल्यावर तिच्या कपाटाला हात लावायला मात्र मला वर्ष लागलं," असंही तिनं सांगितलं. समोरच्या गिऱ्हाइकानं एल्बो, म्हणजे पाइपाचा वाकडा जोड, मागितला होता. मी त्याला तीन तोंडांचा टी काढून दिला.

बायको म्हणते, "पोरांचे खेळ काय बघत बसता?" मी खेळत नाही, नुसतं ऐकतो, हे तिला पटत नाही.

मागच्या उन्हाळ्यात त्या बाईचा एक व्हिडिओ आला, गेम जिंकायचा सोडून मध्येच थांबणाऱ्यांवर. कुणी घोडा थांबवून डोंगर बघतोय, कुणी लढाई सोडून पावसात उभा आहे. शेजारी तिनं एक चित्र ठेवलं होतं, त्यात आपल्याकडं पाठ करून उभा असलेला एवढासा माणूस आणि पुढं अफाट आभाळ. मला एकदम दादा आठवला.

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. शाळेत असताना आमच्या घरी एक जुना कॉम्प्युटर आला आणि त्यात गाड्यांच्या शर्यतीचा एकच गेम होता. दादा पहिल्या नंबरावर असायचा, आणि समुद्रावरचा पूल आला की गाडी उभी करायचा. बाकीच्या गाड्या सुसाट पुढं जायच्या.

"अरे पळव की! हरतोय आपण," मी ओरडायचो.

"थांब बे. पाणी तर बघ."

मला लई राग यायचा. आम्ही दोघांनीही तेव्हा समुद्र पाहिला नव्हता.

आता दादा परदेशात असतो. वडील गेल्यापासून आमचं बोलणं आईच्या गोळ्या आणि शेताचा सातबारा यापुढं जात नव्हतं. भांडण काहीच नाही, नुसतं कमी होत गेलं. मी त्याला तो व्हिडिओ पाठवला. त्यानं अंगठा पाठवला. मला वाटलं, संपलं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी दुकानात त्याचा फोन आला.

"मी त्या पुलावर कावून थांबायचो, माहीत हाय का?"

"पाणी बघायला."

"न्हाई रे. शर्यत संपली की तू उठून मित्रांकडं पळायचास. चालू असली की बसायचास माझ्याजवळ."

मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. तोच म्हणाला, "दिवाळीला येतो. धर्मापुरीचं देऊळ बघू. नीट बघू, घाई न करता."

धर्मापुरी माझी सासुरवाडी. इतक्या वर्षांत त्या देवळाच्या भिंतीवर काय कोरलंय ते मी धड पाहिलं नव्हतं.

दिवाळीला दादाला रजा मिळाली नाही. त्या बाईचाही बरेच महिने नवा व्हिडिओ नाही. तिच्या जुन्या व्हिडिओखाली मी लिहिलं, "ताई, तुमच्यामुळं माझ्या भावाशी बोलणं झालं." उत्तर आलेलं नाही. ती कुठं असेल, बरी असेल ना, असं अधूनमधून मनात येतं.

शेवटी भाऊबीजेनंतर मी एकटाच देवळात गेलो आणि दादाला व्हिडिओ कॉल लावला. त्याच्याकडं सकाळ होती, तो चहा पीत होता. भिंतीवर दगडातली एक बाई आरशात बघत होती. तिचं नाक झिजलं होतं, पण मनगटातल्या बांगड्या अजून मोजता येत होत्या.

"जवळ जा," दादा म्हणाला. "अजून. हां, आता हलू नको."

माझा हात भरून आला, तरी मी फोन तसाच धरून उभा राहिलो. सावली पायरीवरून खाली उतरली. फक्त मधूनच त्याच्या कपाचा आवाज यायचा, आणि तो इथं असता तर किती बरं झालं असतं, एवढंच मला वाटत होतं.